दुसरी ओळ

वारज्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दीपाली सिस्टर रंगरावांच्या डोळ्यात थेंब घालायला आली, तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"सुशीला, घरी चल. मला नाही करायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन."

"अहो, ती टीव्हीवरची 'सलाईन सदन' आठवते?"

"न आठवायला काय झालं? तेरा भागांत बंद पाडली मेल्यांनी!"

"त्यातली नर्स सुई टोचताना ओवीची पहिली ओळ म्हणायची..."

"आणि पेशंट दुसरी जुळवेपर्यंत इंजेक्शन झालेलं असायचं! तो पैलवान? 'पहिली माझी ओवी, सुईच्या गं टोकाला...'"

"'पैलवान शिरे बाई, खाटेच्या गं तळाला!'"

अख्खं बाकडं हसलं. हसताना रंगरावांचे डोळे उघडले, तेवढ्यात थेंब पडलेसुद्धा.

"चला आजोबा, आत बोलावलंय."

रंगरावांचं हसू मावळलं. "आता कुठली ओवी!"

दीपालीनं त्यांचा हात धरला आणि हळूच सूर लावला, "दुसरी माझी ओवी, डोळ्याच्या गं थेंबाला..."

रंगराव ओठांत पुटपुटत चालू लागले. दाराशी पोचल्यावर एकदम वळले.

"उद्या पट्टी सुटता, बघीन सुशीलेला!"

"नवीन काही दिसायचं नाही. जा आता," सुशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी केस सारखे केले.