वैनगंगेले किती एचपी लागते?

नाई, तुमीच सांगा भाऊ, नदी म्हंजे का विहीर आहे का? आँ? पानी उपसाचं आहे का मले? मले फक्त डोंग्यात बसून ह्या काठावून त्या काठाले जाऊन जाळं काढाचं आहे, पानी जिथल्या तिथीच राहू द्याचं आहे... पन हे समजावून सांगता सांगता माहा घसा बसला, तुमाले सांगतो! डोंगा माहा, अन् अक्कल साऱ्या गावाची!

आता झालं काय, का माहा हा उजवा खांदा. मी घनश्याम, पिढ्यान् पिढ्यांचा ढिवर, आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाले. वल्हं मारून मारून खांदा असा धरला का हातच वर जात नाई. डोक्यावर टोपी घालाची म्हनलं तरी बायको लागते! डॉक्टर म्हने, ‘काका, वल्हं बंद.’ बंद! अरे, वल्हं बंद म्हंजे मी काठावर बसून मासोळ्यायले हाका मारू का? ढिवराच्या हातचं वल्हं गेलं का त्याले कोनी विचारत नाई, ना घरी ना घाटावर. हेच मले खाऊन राह्यलं होतं, खोटं काऊन बोलू? माही बायको गोकुळा म्हने, ‘मी मारतो ना वल्हं, तुमी बसा.’ बसा म्हने! म्या जनमभर जो डोंगा चालवला त्यात मी बसू? टोपलीवानी? म्हनून ठरवलं, डोंग्याले मोटर लावाची. लहानशी. संपली गोष्ट.

संपली? आमच्या गावात गोष्ट संपत नाई भाऊ, चावडीवर जाऊन नव्यानं सुरू होते.

पयला आला वारलू. हा आमचा शेजारी, वावरात एक विहीर अन् एक बोर, म्हनून गावात मोटरीचा मोठा डॉक्टर हाच. ‘किती एचपीची घेतं?’ म्हनलं, ‘दोनची पाहून राह्यलो.’ असा हासला, असा हासला, का तोंडातला तंबाखूचा खर्रा नाकात गेला त्याच्या! ‘अबे घनश्याम, माह्या विहिरीले तीनची आहे, बोरले पाचची. विहीर केवढी? अन् वैनगंगा केवढी? पान्याच्या हिशोबानं मोटर लागते का नाई?’ अन् बसलेले सारे मुंड्या हालवून राह्यले! ‘हो ना, बरोबर आहे, नदीले दहाच्या खाली जमतच नाई.’ म्हनलं, बापाहो, मले पानी नाई वढाचं, डोंगा ढकलाचा आहे... डोंग्याचं माप पाहा, नदीचं नोका पाहू! तं त्यायच्यातलाच एक, डोमा, म्हने, ‘अन् पुरात? पुरात नदी वाढते, तवा का मोटर बदलशीन?’ आता ह्याले का उत्तर द्यावं? पुरात मी डोंगा पान्यात टाकतच नाई, हे सांगाच्या आत त्यायनं पुरासाठी पंधराची पक्की बी केली! डोंगा माहा, अन् अक्कल साऱ्या गावाची!

तरी मी चंद्रपूरले गेलो, मोटरीच्या दुकानात. संगं गोकुळा, अन् गोकुळाचा भाऊ सुरेंद्र. हा सुरेंद्र ऊर्जानगरले, वीज केंद्राच्या वसाहतीत राहते, क्वार्टर आहे त्याले. तिथी काम का करते ते मले अजून समजलं नाई, पन बोलते असा का आख्ख्या महाराष्ट्राची लाईट हाच चालू-बंद करते. दुकानात काउंटरवर माधवी नावाची पोरगी. मोठ्या मायेनं विचारे बिचारी, ‘काका, बोट किती लांब आहे? मागची फळी किती जाड? किती जण बसता? बोटीवर पाटी असेल ना, किती माणसं अन् किती एचपी चालते त्याची?’

म्हनलं, ‘बाई, पाटी नाई, देवीचं नाव आहे. अन् लांबी म्हनशीन तं मी झोपलो, अन् माह्या पायापाशी गोकुळा झोपली, का डोंगा संपला.’ गोकुळानं असा चिमटा काढला का दुसरा बी खांदा जाते का वाटलं!

पोरगी हासली, पन हिशोब केला तिनं. म्हने, ‘मग दोनच्या, फार तर अडीचच्या वर जाऊच नका काका. मोठी मोटर वजनानंच बोट मागून बसवते, अन् जोर लावला का बोटीचं नाक वर करते. लहान बोट उलटायला वेळ लागत नाही.’ झालं! म्हनलं, बांध पोरी, दोनची दे! तं सुरेंद्र मधात. ‘दोन? जिजाजी, लोक का म्हनतीन? इज्जतीचा सवाल आहे!’ कोनाची इज्जत बे? मोटर मासोळ्या पाहातीन! पन त्यानं मले हाताले धरून दुकानाच्या बाहेर काढलं, तेही दुखऱ्या हाताले... ‘माह्या वळखीत पंधराची पडून आहे, पयले चालवून तं पाहा, पावर म्हंजे का असते ते समजन तुमाले.’

आनली ना! टेम्पोत टाकून आनली. मोटर आहे का म्हशीचं पारडू? चौघायनं उचलली तरी चौघं हापसले. घाटावर सारा गाव जमा. गावातल्या रुखमाबाईनं हळदकुंकू वाह्यलं, वारलूनं नारळ फोडला, मोटरीले झेंडूचा हार... डोंग्याले कोनी पाकळी बी नाई वाह्यली! मागच्या फळीवर मोटर टांगली तं फळी करकरली, अन् डोंगा मागून असा बसला का पानी काठाले टेकलं. म्हनलं, ‘सुरेंद्रा, अरे पानी पाह्य.’ ‘काई होत नाई जिजाजी, स्पीड पकडली का वर येते!’ गोकुळा पुढं, मी मधात, सुरेंद्र मागं. अन् त्यानं दिला ना मोटरीचा कान पिरगाळून...

तुमाले सांगतो, पुढचं मी पाह्यलंच नाई, कारन पुढं नदीच नव्हती! पुढं आभाळ! आभाळात गोकुळा! ‘अवो थांबवा ना! अवो माय वो!’ सुरेंद्र खाली, त्याच्या मांडीवर नदी, अन् घाटावून वारलू बोंबलते, ‘दे अजून! दे! पुरी पावर कुठी लावली त्यानं?’ मागून पानी आत आलं ते थांबलंच नाई, अन् डोंगा गेला खाली. आमी तिघं पान्यात.

कमरेएवढंच पानी होतं, देवीची कृपा. पन गोकुळा दिसेना. वर नुसता पदर, अन् ती नाई... एवढासाच वेळ, भाऊ, पन माहा जीव गेला. सारी जिनगानी ह्या नदीवर काढली, नदीचं भेव कधी वाटलं नाई, त्या दिवशी वाटलं. मंग ती उठली, नाकातोंडातलं पानी काढलं अन् भावाले म्हने, ‘दाखव बाबू, आता दाखव तुही पावर!’

अन् काठावर वारलू का म्हने? म्हने, ‘मोटर एक नंबर आहे. डोंगाच लहान पडला. डोंगा बदल!’ घ्या! डोंगा माहा, अन् अक्कल साऱ्या गावाची!

डोंगा वढून काठावर काढला, पंधराची टेम्पोत टाकून वापस गेली, अन् दुसऱ्या दिवशी गोकुळा कोनाले न विचारता मले घेऊन चंद्रपूरले गेली. दोनची मोटर घेतली. भाऊ, का मोटर ती! एका हातानं उचला, डाव्या हातानं बी उचला. फळीवर टांगली तं फळी चूप, डोंगा सरळ, पानी जिथल्या तिथी. मी छाती काढून मागं बसलो. म्हनलं, गेलं ते वल्हं खड्ड्यात, आजपासून घनश्याम मोटरवाला! माधवीनं सांगतलं होतं, ‘दोरी ओढा काका, चालू होते.’

दोरी! साऱ्या गावानं एचपी मोजले, विहीर मोजली, नदी मोजली, पूर मोजला... मोटर चालू कशी होते हे कोनी विचारलं का? मी विचारलं का? ते दोरी झटक्यानं ओढा लागते भाऊ, अन् झटका कुठून येते? खांद्यातून! उजव्यानं ओढली तं मोटर चूप, मीच वरडलो. डाव्यानं ओढली तं मोटर जराशी खोकलली अन् झोपली. मंग पायानं पाह्यलं, दातानं पाहाचं फक्त राह्यलं होतं. गोकुळा पाहूनच राह्यली. मंग म्हने, ‘सरका जरा.’ पदर खोचला, एक झटका... टुक टुक टुक टुक!

आता जो चालू करन त्यालेच मागं बसा लागते, हँडल तिथीच असते ना! पयल्या दिवशी हे बाई त्या काठाले जाऊन, जाळं काढून, डोंगा वळवून परत आली, अन् पान्याचा एक थेंब आत नाई. मोटर बरोबर, माप बरोबर, मासोळ्या बी बरोबर... मी कोनावर कावू?

काल सकाळी मी मासोळ्यायची टोपली मांडीवर घेऊन पुढं बसलो होतो, तं घाटावून डोमा वरडला, ‘काहो घनश्यामभाऊ, कुठी चालले?’

म्हनलं, ‘मी कायचा चालतो बापा, मले नेऊन राह्यली!’