‘झालं’ म्हणण्याआधी

हसूदादांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकी, दादांच्या फोटोशेजारी तुम्ही बसलायत. तुमच्याकडे बघितलं तर मला बोलता येणार नाही, म्हणून मी मागच्या भिंतीकडे बघून बोलते. आणि ते नुसत्या दुःखानं नाही. सांगते.

मी मेधा. हसूदादांच्या वर्कशॉपमध्ये प्रोग्रॅम लिहिते. जासईचा हा माणूस रेडिओ दुरुस्त करता करता संगणकाच्या पोटात शिरला. तळोज्याच्या कारखान्यांतली यंत्रं सिरियल पोर्टच्या तारेनं संगणकाला जोडायची, हे आमचं काम. त्या तारेवर एकामागून एक अक्षरं सोडणारा ड्रायव्हर मी लिहिते.

प्रोग्रॅम ड्रायव्हरला विचारतो, आधी दिलेलं सगळं बाहेर गेलं का? त्याला फ्लश म्हणतात. ड्रायव्हरनं ती विनंती धरून ठेवायची. शेवटचं अक्षर बाहेर पडलं, की मगच ‘झालं’ म्हणायचं. दादा स्क्रीनकडे बघायचेच नाहीत. तारेला त्यांनी एक लाल दिवा लावला होता, अक्षरं जात असली की तो लुकलुकायचा. मी म्हणायचे, “दादा, झालं.” ते म्हणायचे, “दिवा लुकलुकतोय अजून. मंग झालं कशाला बोलतेस? अजून जायाचं हाय ना?”

किती वेळा ऐकलं मी हे! आणि तरी काय केलं? डेमोच्या दिवशी प्रोग्रॅम फ्लशपाशी अडकून बसत होता. चारचौघांत शोभा नको म्हणून मी एक ओळ बदलली. विचारलं की लगेच ‘झालं’. अक्षरं गेली असोत, नसोत. आणि तीच ओळ असलेली फ्लॉपी तळोज्याच्या एका कारखान्यात गेली.

तिथला संगणक रोज सहाला, शिफ्ट सुटताना, ॲसिडचा व्हॉल्व्ह बंद करायचा हुकूम सोडतो, फ्लश मागतो आणि स्वतः बंद होतो. हुकूम अर्ध्यात तुटला, तर व्हॉल्व्ह उघडाच राहील. आजवर तुटला नाही. निव्वळ नशीब.

शनिवारी मी दादांना सांगितलं. वाटलं, आता माझी खैर नाही. त्यांनी आधी कारखान्यात फोन लावला, आज व्हॉल्व्ह हातानं तपासा म्हणाले. मग मला म्हणाले, “सोमवारी दोघं जाऊ. आपली चूक आपुनच सांगायची. घाबरू नको, मी हाय.”

रविवारी दादा गेले.

सुधारलेली फ्लॉपी तेव्हापासून माझ्या पर्समध्ये आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार. रोज सहा वाजता मी घड्याळाकडे बघत बसले. फोन मीही करू शकत होते. केला नाही. वर्कशॉपचं नाव जाईल, माझी नोकरी जाईल, या भीतीनं. काकी, मला माफ करा.

सावंतसाहेब, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलायत. कारखान्यातली सहाची शिफ्ट तुमच्या हाताखाली आहे. आत्ता पावणेसहा झालेत. हॉलच्या ऑफिसात फोन आहे. कृपा करून उठा. कुणाला तरी हातानं व्हॉल्व्ह बंद करायला सांगा. तो बंद झाल्याचं डोळ्यांनी बघून तो माणूस परत फोनवर येईपर्यंत फोन ठेवू नका. मी नवी फ्लॉपी घेऊन तुमच्याबरोबर येते. पुढे जी शिक्षा असेल ती असेल.

बाकीच्यांनी उभं राहावं, ही विनंती. दोन मिनिटं स्तब्धता, असं तिकडे फळ्यावर लिहिलंय. मी घड्याळ बघणार नाही. साहेब त्या दारातून परत येतील, ‘बंद झाला’ म्हणतील, तेव्हाच आपण बसू.

दादा, या वेळी मी थांबते.