तोटा मोजणाऱ्या मुली

या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय प्राचार्य महोदय, प्रमुख पाहुणे, कापसाचे व्यापारी फारुकभाई, व्यासपीठावरील मान्यवर, तांड्यावरून ट्रॅक्टर करून आलेले पालक आणि बारावी वाणिज्यच्या माझ्या मुलामुलींनो,

आपली संगिता उद्या हैदराबादला बी.कॉम.ला निघते आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या वडिलांनी, म्हणजे तांड्याच्या नायकांनी, रूपसिंगभाऊंनी, साफ नकार दिला होता. कारण काय? तर हैदराबादच्या एका चिप कंपनीचा सालाचा हिशेब!

जवळा बाजारच्या मुलीचा त्या कंपनीशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. ही कंपनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं हलवणाऱ्या चिपा बनवते. आपल्या तांड्याची रुपा तिथं हिशेबाच्या विभागात आहे. संगिता राहणार तिच्याच खोलीवर. फारुकभाई कामानिमित्त हैदराबादला गेले, रुपाला भेटले आणि परत येऊन चारचौघांत म्हणाले, "पोरगी मजेत आहे. कंपनीला मात्र औंदा तोटा आला. हिशेब तिनंच काढला." भाई, मान खाली घालू नका, तुमचा हेतू चांगला होता. पण तांड्यावर पोचेपर्यंत बातमी झाली, की रुपानं कंपनी बुडवली.

मी समजूत घालायला नायकांच्या घरी गेले. म्हटलं, नव्या चिपा बाजारात आल्या, गोदामातल्या जुन्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून तोटा. भाऊ म्हणाले, "बाई, तुमचं बराबर हाय. पण तोट्याच्या घरी लेकरू काहून पाठवू?"

तेवढ्यात रुपाची आई मिराबाई आत आल्या. दारापासूनच त्यांचा आवाज. "ओ नायक! तोटा माह्या लेकरानं केला न्हाई, तिनं फकस्त मोजला! मागल्या साली जत्रेत पाऊस पडला, कुस्त्या बुडाल्या, तवा सगळ्या तांड्यापुढं हिशेब कोन वाचला? तुमीच ना? तोटा आला व्हता का न्हाई?"

"व्हय, आला व्हता."

"मग पाऊस तुमीच पाडला व्हता काय?"

हसावं की नाही, मला कळेना. तेव्हा दाराआड उभी असलेली संगिता बोलली, "बापू, त्या दिवशी वाचताना तुमचा आवाज कापून राहिला व्हता. पन तुमी एक बी आकडा दडवला न्हाई. मला तेच शिकायचंय."

मग भाऊंनी मला विचारलं, "बाई, तिथं आवाज न कापता वाचायला शिकवतेत का?"

वीस वर्षं वाणिज्य शिकवते आहे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आमच्या पुस्तकात नफा-तोटा आहे. तो चारचौघांत सांगणाऱ्याचा आवाज कापतो, हे कुठल्याच धड्यात नाही. "शिकवत असतील," एवढंच मी म्हणाले. भाऊ उठले आणि मुलीची पेटी माळ्यावरून काढायला शिडी शोधू लागले.

आपण सर्वांनी मन लावून ऐकलंत, मी ऋणी आहे. फारुकभाई, रूपसिंगभाऊ, मिराबाई, थट्टा जरा जास्त झाली असेल तर पोटात घाला. आणि संगिता, पोचलीस की आधी बापूंना फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल.