पिवळा प्रेक्षक

अरे, आमच्या साजगावच्या कारखान्यात मशीन बसवायला एक अमेरिकन साहेब आलेला ना, तो सारखा बेसबॉलचं ऐकवायचा. "आमच्या शहरासारखे वेडे प्रेक्षक जगात नाहीत!"

म्हटलं, थांब! रविवारी सकाळी त्याला चौक गावात कबड्डीच्या फायनलला नेला. भिसेगाव विरुद्ध चौक, ही गर्दी!

पुढच्या रांगेत बोट दाखवून साहेब विचारतो, "हा माणूस एवढा पिवळा कसा?"

मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "भिसेगावचा नवरदेव हाय. हळद लागलीय, दुपारी लग्न!"

"सासरा चिडेल ना?"

"तो काय पलीकडं, चौकच्या पोरांसाठी बोंबलतोय!"

"आणि मुहूर्त टळला तर? भटजी थांबेल?"

मी मैदानात शिट्टी फुंकणाऱ्या पंचाकडं हात केला. "त्यांनाच इचारा. तेच भटजी!"