आतून फिरवलेला हात

सुतार : ...त्या फळ्या कपाटासाठी आहेत. तुझ्यासाठी नाहीत.

बायको : कपाटाला इतकं चांगलं लाकूड? अहो, खोटं बोलायला शिकायचं राहूनच गेलं तुमचं.

सुतार : डॉक्टर घरी न्या म्हणाले, म्हणून काय लगेच शवपेटी ठोकायला बसू?

बायको : अख्ख्या गल्लीला पेट्या करून दिल्यात. मला काय बाजारातली आणणार? भुसा दाबून केलेली, वर चकचकीत कड्या. जन्मभर नाकं मुरडलीत त्यांना.

सुतार : थट्टा पुरे. पेटीला हात लावला म्हणजे मी तुझी आशा सोडली.

बायको : आणि नाही लावलात, तर मी राहणार आहे का?

सुतार : पाणी देऊ?

बायको : पाणी नको. बसा इथे. मला भीती वाटते हो.

सुतार : तुला? रविवारच्या शाळेत पोरांना स्वर्गाच्या गोष्टी कोण सांगायचं?

बायको : मीच. धाकटी पोरं विचारायची, ‘बाई, मेल्यावर अंधार असतो का?’ मी म्हणायची, ‘असला तर असू दे. प्रभू येशू त्यातून जाऊन आलाय. तो हात धरतो.’ अगदी छातीठोकपणे. आता पहाटे जाग येते आणि माझंच बोलणं मला खरं वाटत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तुमचा आहे ना विश्वास?

सुतार : मला नको विचारू. लेकीच्या आजारात गुडघे सोलवटून घेतले. आता तुझ्यासाठी मागतोय. वरून हूं नाही की चूं नाही. चर्चमध्ये येतो, ते तू नेतेस म्हणून.

बायको : मग तिच्या पेटीत आतून हात का फिरवत होतात?

सुतार : कधी?

बायको : झाकण लावायच्या आधी. मी दारात उभी होते. तळाला, कडांना, पुन्हा पुन्हा. एका खिळ्याचं टोक लागलं, ते कानस घेऊन घासत बसलात.

सुतार : सवय आहे. प्रत्येक पेटीला करतो.

बायको : मेलेल्या माणसाला काय टोचणार?

सुतार : झोप बघू तू.

बायको : सांगा ना.

सुतार : उठताना टोचेल. बापाने शिकवलं होतं. शेवटच्या दिवशी प्रभू मेलेल्यांना हाक मारेल, माणूस गडबडीने उठेल, तळवा टेकेल. तेव्हा लागायला नको. तिचे तळवे तर एवढेसे होते गं.



बायको : तिच्या वेळी वडिलांनी सांगितलेलं म्हणून केलंत?

सुतार : नाही.

बायको : मग?

सुतार : देवावर इतका चिडलो होतो, की प्रार्थनेचा शब्द तोंडात येत नव्हता. पण ती उठेल, एवढं मात्र हाताला वाटत होतं.

बायको : मला तेवढं पुरे. घ्या माप.

सुतार : तुझं माप पाठ आहे मला.

बायको : आता वाळलेय मी. निम्मी राहिले.

सुतार : जुन्याच मापाने करीन. उठशील तेव्हा काय अशी असणार आहेस?

बायको : भीती गेली नाही हो अजून.

सुतार : माझीही नाही. दार उघडंच ठेवतो. ठोकाठोकीचा त्रास होईल तुला.

बायको : होऊ दे. आवाज थांबला की समजेन, हात फिरवताय.