वहीतलं ‘खुशाल’

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या बसथांब्यावर माझ्यामागे शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली उभ्या होत्या.

“ब्रॉन्टे, नोरीनबाई फोन उचलत नाहीयेत गं. तिसऱ्यांदा लावला.”

“बागेत असतील, गुलाबांशी गप्पा मारत.”

“छे! रोज आठ वाजता फोनपाशीच बसलेल्या असतात. एकट्या राहतात, म्हणून तर शाळेनं मला वृद्धांच्या संस्थेतर्फे त्यांना रोज फोन करायचं हे सेवेचं काम दिलंय.”

“मग संस्थेला कळव ना, टीगन. कुणीतरी जाऊन बघेल.”

“ते विचारतील, शेवटचं कधी बोललीस?”

“काल, म्हणून सांग.”

“काल मी उशिरा उठले. फोन न करताच वहीत ‘खुशाल’ लिहून टाकलं.”

“अगं बाई! आणि परवा?”

“परवा त्या म्हणाल्या, डोकं जरा गरगरतंय. उद्या फोन करायला विसरू नकोस हं, पोरी.”