दोन संसदांचा हानुस

आमच्या बेटांच्या राजधानीत, तोर्सहाव्नच्या धक्क्यावर आमची बोट उशिरा सुटणार होती. माझ्या मागच्या बाकावर हानुस बसला होता. आमच्या बेटांची इथली संसद आणि डेन्मार्कची कोपनहेगनमधली, दोन्हींत अठरा वर्षं निवडून आलेला. त्याच्या गावची सुन्नेवा त्याच्याशेजारी येऊन बसली.

"सुट्टीवर का रे?"

"नाही. या वेळी उभाच राहिलो नाही, इथेही नाही अन् तिकडेही. कायमचा घरी निघालोय."

"खरं वाटेना मला. तुलाच मत द्यायची सवय."

"आपल्या गावचा बोगदा मीच मंजूर करून आणला ना?"

"रोज जाते त्यातून. पण तू कधी दिसलास? इथे विचारलं की म्हणायचे, कोपनहेगनला गेलाय. तिकडे फोन केला की म्हणायचे, घरी गेलाय."

"विमानात असायचो."

"तुझी बायको, मार्युन, वारली तेव्हाही मी दोन्हीकडे फोन केले होते."

"माहीत आहे. धुक्यामुळे विमान उतरलंच नाही त्या दिवशी."

"दोष नाही देत मी."

"दिलास तरी चालेल."

"आज आमच्याकडे जेव. वाळवलेलं मटण आहे, बटाटे आहेत."

"आज नको. उजेड आहे तोवर घरी पोचतो. दिव्याची बटणं कुठे आहेत, तेही मला नीट आठवत नाही."

"दाराशीच, पण खूप खाली. शेवटी चाकाच्या खुर्चीतून मार्युनचा हात पोचेना, म्हणून माझ्या नवऱ्याने खाली आणून दिली."